‘बघू तिथे गेल्यावर’, पण कुणाच्या जिवावर?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत एक मत अलीकडे चांगलंच मुरलं आहे. आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, भाड्याने घेतली की सहलीची आखणी लागत नाही, असं ते मत. स्वयंपाकघर सोबत, बिछाने सोबत, संडास-मोरी सोबत. मग बुकिंगं कशाला आणि वेळापत्रक कशाला? वाटलं तिथे थांबावं, वाटलं तेव्हा निघावं. कुणी चार महिने आधी कागद-पेन घेऊन बसलं, की ‘अगं, सहलीला निघालीस की ऑडिटला?’ असं हसून विचारतात. आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘बघू तिथे गेल्यावर.’

हे मत मला चुकीचं वाटतं, आणि घातकही. शहराजवळच्या, वीज-पाण्याची जोडणी असलेल्या आरव्ही पार्कात ते एक वेळ खपून जाईल. दूरच्या जंगलात खपत नाही. तिथे आरव्हीला तंबूपेक्षा जास्त तयारी लागते. ती ज्याने केली नाही, त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा त्याला स्वतःला बसत नाही. तो बसतो सोबतच्या माणसांना आणि त्या जंगलाला. म्हणून हा प्रत्येकाच्या स्वभावाचा प्रश्न आहे, कुणाला आखणी आवडते, कुणाला आवडत नाही, असं म्हणून मला तो सोडून देता येत नाही.

उदाहरण म्हणून रेडवूडचं जंगल घेते, कारण बे एरियातली मराठी कुटुंबं आरव्ही घेऊन जिथे हटकून जातात त्या जागांपैकी ती एक आहे. कॅलिफोर्नियाचं अगदी वायव्य टोक, ओरेगनची हद्द जवळ. सॅन फ्रान्सिस्कोहून १०१ महामार्गाने सुमारे साडेतीनशे मैल. जेडेडाया स्मिथ, डेल नॉर्ट कोस्ट आणि प्रेअरी क्रीक ही राज्याची तीन उद्यानं आणि १९६८ साली झालेलं राष्ट्रीय उद्यान यांचा कारभार १९९४ पासून एकत्र चालतो. जगातली सर्वांत उंच झाडं इथे आहेत. त्यांतल्या हायपेरियन नावाच्या झाडाची उंची ११५ मीटरच्या वर भरते. किनाऱ्यालगतच्या या जातीचं मूळ, कुऱ्हाड न लागलेलं जंगल एके काळी जेवढं होतं, त्यातलं जेमतेम ५ टक्के आज उरलं आहे. बाकीचं लाकूड होऊन गेलं. उरलेलं वाचावं म्हणून १९१८ साली लोकांनी ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ स्थापन केली आणि वर्गणी काढून एकेक तुकडा विकत घेतला. आपण गाडी उभी करतो ती जागा अशा रीतीने राखलेली आहे, हे निघण्याआधी माहीत असलेलं बरं.

आता ‘वाटलं तिथे थांबावं’ या म्हणण्याकडे येते.

या संयुक्त उद्यानात गाडी लावून राहण्याजोगी चार कॅम्पग्राउंडं आहेत. जेडेडाया स्मिथला मोटरहोमची कमाल लांबी २५ फूट चालते. एल्क प्रेअरीला २७ फूट, मिल क्रीकला २८. गोल्ड ब्लफ्स बीचला २४ फुटांपुढची गाडी नेता येत नाही आणि ट्रेलर तर मुळीच नाही, कारण तिथे जाणारा डेव्हिसन रोड कच्चा, अरुंद आणि वळणावळणाचा आहे. मिल क्रीक फक्त उन्हाळी हंगामात उघडं असतं. भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांतली कुटुंबाला सोयीची गाडी कितीची असते? पुष्कळदा ३० फुटांच्या आसपासची. म्हणजे ‘आई-बाबा येणार आहेत, मोठीच घेऊ’ असं म्हणून ज्या क्षणी आपण ती निवडतो, त्याच क्षणी या जंगलातले चारही मुक्काम आपल्याला बंद होतात. कागदावर ‘२५ फुटी’ असलेली गाडीसुद्धा पुढच्या बंपरपासून मागच्या सायकलींच्या रॅकपर्यंत मोजली तर जास्त भरते.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो: ‘हे लोक उगाच बाऊ करतात, एखाद-दोन फुटांनी काय होतं?’ काय होतं ते प्रेअरी क्रीकच्या एखाद्या वळणावर उभं राहून बघावं. इथले रस्ते झाडांना वळसा घालून काढले आहेत, झाडं पाडून नाही. दोन बुंध्यांच्या मधून रस्ता जातो आणि बुंध्याची साल डांबराच्या काठाला टेकलेली असते. मोटरहोमची मागची चाकं गाडीच्या अगदी टोकाला नसतात; त्यांच्या मागे बरंच अंग लोंबकळतं. चालक उजवीकडे वळला की ते मागचं अंग डावीकडे झुकतं, आणि आरशात ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यातून बुंध्याच्या आजूबाजूची जमीन नाजूक. एवढ्या उंच झाडाची मुळं खोल गेलेली नसतात. ती उथळ असतात आणि आडवी दूरवर पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. रस्ता सोडून चार टनांची गाडी त्या मातीवर चढवली की माती दबते, पाणी आत मुरत नाही. झाडावर ओरखडा दिसत नाही म्हणून इजा झाली नाही असं नसतं.

हायपेरियनचं काय झालं ते आठवून बघावं. २००६ साली ते झाड सापडलं. त्याची जागा अधिकृतपणे जाहीर केलेली नव्हती, तिथे जाणारी पायवाट नव्हती. तरी लोक शोधत पोहोचले. ‘मी एकटा गेलो तर काय बिघडतं’ असं म्हणत एकेक करून इतके गेले की बुंध्याभोवतीची झुडपं तुडवली गेली, माती घट्ट झाली, मागे कचरा आणि मैला राहिला. शेवटी २०२२ साली उद्यानाने तो भाग बंद केला. आता तिथे सापडलं तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे नियम लोकांना छळायला केले, असं म्हणणाऱ्यांनी त्यांचा क्रम पाहावा. आधी तुडवणं झालं, नियम नंतर आला.

मग ‘घर सोबत आहे’ हा दुसरा दावा. चाकांवरचं घर, असं मोठ्या कौतुकाने म्हणतात. पण आपल्या खऱ्या घरामागे महापालिकेची पाइपलाइन असते, विजेची तार असते, गटार असतं. या घरामागे काही नाही. रेडवूडच्या चारही कॅम्पग्राउंडांत आरव्हीला जोडायला वीज नाही, पाणी नाही, सांडपाण्याची जोडणी नाही. गाडीत जे भरून आणलं तेवढंच वापरायचं आणि जे वापरलं ते सगळं गाडीतच साठवायचं.

हिशेब साधा आहे, पण तो मांडायची तयारी हवी. मध्यम आकाराच्या मोटरहोममध्ये स्वच्छ पाण्याची टाकी साधारण ३० ते ४० गॅलनची असते, म्हणजे ११० ते १५० लिटर. मोरीच्या आणि बेसिनच्या सांडपाण्याची एक वेगळी टाकी, तिला ग्रे टँक म्हणतात. संडासाची तिसरी, ब्लॅक टँक. या दोन्ही तेवढ्याच किंवा त्याहून लहान. आता पाच माणसांचं मराठी कुटुंब घ्या. तांदूळ दोनदा धुतले जातात. कुकर, कढई, पोळपाट, ताटं-वाट्या घासल्या जातात. संडासात कागदाऐवजी पाणी वापरायची आपली सवय आहे, आणि ती सुटावी असं माझं म्हणणं नाही. पण त्यामुळे ब्लॅक टँक इतरांपेक्षा लवकर भरते हे कुणीतरी आधी बोलायला हवं. आपल्याकडे हा विषय काढायला संकोच वाटतो, म्हणून तो निघतच नाही. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पॅनेलवरचा दिवा लाल होतो, आणि टाकी रिकामी करायची सोय, म्हणजे डंप स्टेशन, प्रत्येक कॅम्पग्राउंडवर नसते.

त्या क्षणी माणसं काय करतात ते मी पाहिलं आहे. भांडी घासलेलं पाणी ‘भाजीचंच तर आहे’ म्हणून झुडपामागे ओतलं जातं. कुणी ग्रे टँकची झडप थोडी किलकिली करून ठेवतं, म्हणजे रात्रभर थेंबथेंब निथळेल. ही माणसं वाईट नसतात. घरी मुलांना कचरा डब्यात टाकायला शिकवणारीच असतात. फक्त त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नसतो, कारण तो त्यांनी घरी असताना शोधून ठेवलेला नसतो. जो माणूस निघण्याआधी नकाशावर डंप स्टेशनावर खूण करतो, आंघोळी कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात करायचं ठरवतो आणि दोन दिवसांच्या भाज्या घरून चिरून नेतो, त्याच्यावर ही वेळ येत नाही.

विजेचंही तेच. जनरेटर आहे ना, असं म्हणतात. आहे, पण कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांत तो सकाळी १० ते रात्री ८ याच वेळात लावता येतो. रात्री मिक्सर, मायक्रोवेव्ह, इन्स्टंट पॉट यांतलं काही चालत नाही. या किनाऱ्यावर उन्हाळ्यातसुद्धा रात्री थंड आणि दमट असतात. हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, आणि तो रात्रभर फिरला तर पहाटे बॅटरी उतरते. सत्तरीतले आजी-आजोबा मागच्या बिछान्यात कुडकुडत असतात आणि जनरेटर लावायला १० वाजायची वाट बघावी लागते. एक जादा रजई नेली असती तर भागलं असतं. ती रजई आठवण्यासाठी हा पंख्याचा मुद्दा आधी ठाऊक असायला लागतो, एवढंच.

पण मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते एका पक्ष्याबद्दल.

मार्बल्ड मरेलेट हा समुद्रपक्षी आहे. मासे समुद्रात पकडतो आणि अंडं घालायला मैलोगणती आत, जुन्या जंगलात येतो. घरटं बांधत नाही. शेकडो वर्षांच्या झाडाच्या उंच, रुंद फांदीवर शेवाळाची गादी जमलेली असते, त्यावर एकच अंडं. त्याचं घरटं कुठे असतं हे अभ्यासकांना कितीतरी वर्षं कळलेलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या बिग बेसिनच्या रेडवूड जंगलात १९७४ साली ते एका झाडावर सापडलं. १९९२ साली वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्नियातल्या या पक्ष्याला केंद्र सरकारने धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं. जुनं जंगल तोडलं गेलं हे त्याच्या ऱ्हासाचं मुख्य कारण. दुसरं कारण मात्र आपल्या जेवणाच्या टेबलाखाली असतं.

स्टेलर्स जे नावाचा निळा, काळ्या तुऱ्याचा पक्षी प्रत्येक कॅम्पग्राउंडवर दिसतो. धीट, हुशार, मुलांना फार आवडतो. जिथे माणसांचं उष्टं-खरकटं मिळतं तिथे तो आणि डोमकावळे मोठ्या संख्येने जमतात. पोट भरलं की ते आजूबाजूच्या झाडांवर हिंडतात, आणि मरेलेटचं ते एकुलतं अंडं किंवा पिल्लू त्यांच्या नजरेस पडलं तर खातात. म्हणून या उद्यानांत पाट्या लावलेल्या आहेत: एक कणही सांडू देऊ नका. पाटी कुणी वाचत नाही असं नाही. वाचतात, आणि वाचल्यावर चिवड्याचा डबा उघडतात. आपल्या प्रवासाच्या खाण्याचा विचार करा. चिवडा, शेव, शंकरपाळी, बाकरवडी, लाडू. यांतला प्रत्येक पदार्थ खाताना सांडतो. लाकडी टेबलाच्या फटीत शेवेच्या काड्या अडकतात, खाली पोह्यांचा सडा पडतो, आणि पाचव्या मिनिटाला स्टेलर्स जे हजर होतो. मग कुणीतरी प्रेमाने त्याला आणखी चार शेंगदाणे टाकतं.

मी चिवडा नेऊ नका असं म्हणत नाही. चिवडा गाडीच्या आत बसून खावा, बाहेरच्या टेबलावर जेवायचं तर खाली जुनी चादर अंथरावी आणि ती आतच झटकून केर बंद डब्यात भरावा. फराळाचे डबे, मसाले, साबण, टूथपेस्ट, म्हणजे ज्याला वास आहे ते सगळं, अस्वलांना उघडता येऊ नये अशा तिथे दिलेल्या लोखंडी पेटीत किंवा बंद गाडीत राहावं. पण ही चादर भरायची कुणाच्या लक्षात राहील? ज्याने आधी विचार केला त्याच्याच. ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणणाऱ्याला तिथे गेल्यावर एक गोड निळा पक्षी दिसतो. त्या पक्ष्याचा आणि शंभर-दीडशे फूट उंचीवरच्या अंड्याचा संबंध डोळ्यांना दिसत नाही. तो घरूनच समजून घेऊन जावा लागतो.

सरपणाचंही असंच. घरामागचं लाकूड गाडीत टाकून न्यावं, तेवढेच पैसे वाचतात, असा सल्ला सर्रास दिला जातो. लाकडातून किडी आणि रोग प्रवास करतात. कॅलिफोर्नियाच्या किनारी जंगलांत ओक आणि टॅनओक झाडं मारणारा रोग पसरलेला आहे आणि त्यासाठी लाकूड हलवण्यावर निर्बंध आहेत. जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यावं. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

आता आखणीने आनंद मरतो, या मुद्द्याचा विचार करू. याच्या मागे एक खरी गोष्ट आहे आणि ती मी नाकारत नाही. तासातासाचा कार्यक्रम छापून आणणारी, ‘९.४० ते १०.१५ फर्न कॅनियन’ असं म्हणत मुलांना हाकणारी माणसं असतात, आणि त्यांच्यासोबत जंगलात जाणं ही शिक्षा आहे. पण तो दोष दिवस ठासून भरण्याचा आहे. पाण्याचा, लांबीचा, मुक्कामाचा हिशेब आधी झालेला असेल तर दिवस उलट मोकळा राहतो. सकाळी धुकं उतरेपर्यंत झाडाखाली बसता येतं, कारण संध्याकाळी कुठे झोपायचं हा प्रश्न डोक्यात नसतो. ज्याने मुक्काम ठरवलेला नाही, त्याचं दुपारी तीनपासून लक्ष फोनवर असतं. आणि त्या झाडीत फोनला बहुतेक ठिकाणी रेंजच नसते, म्हणून तो रेंज शोधत गाडी परत महामार्गावर आणतो. मोकळेपणा म्हणतात तो हाच का?

शिवाय आखणी आणि भक्ती, आखणी आणि आनंद यांचं वैर आहे, हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. आळंदीहून निघणारी माउलींची पालखी बघा. मुक्काम कुठे, विसावा कुठे, रिंगण कोणत्या दिवशी, सगळं आधी जाहीर झालेलं असतं. दिंड्यांना क्रमांक असतात. रथापुढच्या कोणत्या, रथामागच्या कोणत्या, हे ठरलेलं असतं. ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली आणि ती आजही पाळली जाते. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकतो, पाण्याचा टँकर लागतो, भाकऱ्या किती थापायच्या याचा अंदाज असतो. संध्याकाळी चोपदारांनी चोप उंचावला की एवढ्या मोठ्या समुदायातले टाळ थांबतात. त्या चालणाऱ्यांचा आनंद या व्यवस्थेने कमी झाला असं कोण म्हणेल? वारकरी निर्धास्तपणे नाचतो, कारण पुढच्या गावी त्याच्या भाकरीची सोय कुणीतरी केलेली आहे. सह्याद्रीत भटकणारी पोरंसुद्धा गडावरच्या टाक्यात पाणी आहे का, ते पिण्याजोगं आहे का, हे खालच्या गावात विचारल्याशिवाय वर चढत नाहीत.

‘कुणीतरी केलेली आहे’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. कारण ‘बघू तिथे गेल्यावर’ या वाक्याची दुसरी बाजू माझ्या मते हीच आहे. आखणी न केलेली सहल जगात नसते. असते ती फक्त एकाने जाहीरपणे न केलेली आणि दुसऱ्याने गुपचूप केलेली. नवरा म्हणतो, काही ठरवू नकोस. आणि बायको रात्री बारा वाजता सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजते, मुलीचा खोकला धरून औषधाची बाटली भरते, पोळ्या लाटून फॉइलमध्ये गुंडाळते, तीन दिवसांचं दही लागेल की चार दिवसांचं याचा अंदाज बांधते. गाडीत बसल्यावर तिचं नाव ‘टेन्शन घेणारी’ असं पडतं. तिच्या तयारीवर सगळे जेवतात आणि तिच्याच तयारीला नावं ठेवतात. उत्स्फूर्तपणाचं कौतुक करणाऱ्या माणसाला मी एकच प्रश्न विचारते: ब्लॅक टँकची नळी शेवटच्या दिवशी कोण हातात धरतं? टेबलाखालचे पोहे कोण वेचतं? उत्तर बहुधा ‘मी’ असं येत नाही.

आणि आजी-आजोबांचा विचार तर या मतात कुठेच नसतो. पुण्याहून, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेली ही माणसं. मुलगा दाखवेल ते बघायचं, तक्रार करायची नाही, हा त्यांचा स्वभाव. आरव्हीच्या पायऱ्या उंच असतात. गुडघे दुखणाऱ्याला रात्री उतरता येत नाही. चालत्या गाडीत मागे संडास आहे म्हणून ती उठून जातात आणि वळणावर तोल जातो. गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा लावून बसायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, कारण ‘घरच तर आहे’. या जंगलाच्या उत्तर भागातून दवाखाना गाठायचा तर क्रेसेंट सिटी, आणि तिथवरचा रस्ता नेहमी उघडा असेलच असंही नाही.

रस्त्याचं मी भीती घालायला सांगत नाही. क्लॅमथ आणि क्रेसेंट सिटी यांच्यामध्ये १०१ महामार्ग ज्या कड्यावरून जातो त्याचं नाव लास्ट चान्स ग्रेड. तो कडा वर्षानुवर्षं समुद्राकडे घसरतो आहे. तिथे सतत दुरुस्त्या चालतात, आणि तो रस्ता पूर्ण बंद झाला तर शेकडो मैलांचा वळसा पडतो. तिकडे क्रेसेंट सिटीहून ओरेगनकडे जाणारा १९९ महामार्ग स्मिथ नदीच्या खोऱ्यातून जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये विजा पडून त्या खोऱ्यात आगी लागल्या, महामार्ग बंद झाला, क्रेसेंट सिटीची वीज गेली. अशा वेळी ज्याच्या गाडीत पाऊण टाकी पेट्रोल आहे, दोन दिवसांचं जादा पाणी आहे, कागदी नकाशा आहे आणि घरी कुणालातरी आपला मुक्काम सांगून ठेवलेला आहे, तो चार माणसांना मदत करू शकतो. बाकीचे मदत मागणाऱ्यांच्या रांगेत असतात. मोटरहोम गॅलनला आठ-दहा मैल जाते. ऑरिकसारख्या छोट्या गावात पेट्रोल मिळेलच असं धरून चालणं शहाणपणाचं नाही.

हा वाद फक्त तिकडचा आहे असं इथल्या वाचकांनी समजू नये. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यामागचा हेतू चांगला आहे: जिथे हॉटेल बांधायला परवानगी नाही किंवा बांधू नये, अशा जागी माणसाला राहता यावं. पण तेच वाक्य इकडेही ऐकू यायला लागलं आहे, कॅराव्हॅन घेऊ आणि सुटू. जंगलाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या त्या गाडीची मैल्याची टाकी कुठे रिकामी होणार, याचं उत्तर गाडी भाड्याने देणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे आधी हवं. ओढ्यात, हे उत्तर चालणार नाही. रेडवूडला निदान नियम आहेत, पाट्या आहेत, रेंजर आहेत. आपल्याकडे ओढ्याखालच्या गावातल्या बायका त्याच पाण्यावर भांडी घासतात.

आरव्ही म्हणजे खरं कॅम्पिंग नव्हे, असं नाक मुरडणाऱ्या कट्टर तंबूवाल्यांशी माझं पटत नाही. ज्यांना जमिनीवर झोपता येत नाही, ज्यांचं मूल तान्हं आहे, ज्यांना रात्री तीनदा उठावं लागतं, त्यांनीही त्या झाडांखाली पहाट बघावी; त्यासाठी ही गाडी फार मोठी सोय आहे. ती सोय टिकायची असेल तर तिच्यासोबत येणारं काम करायला हवं.

ते काम फार मोठं नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांतल्या जागांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. म्हणजे जुलैत जायचं तर जानेवारीत बसायचं. आधी कॅम्पग्राउंड ठरवायचं, तिथे किती फुटांची गाडी चालते ते बघायचं, आणि मगच गाडी निवडायची. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो. फर्न कॅनियनला दिवसा जायचं तर १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात वेगळा परवाना लागतो, तो काढायचा, आणि तिथवर जाणारा रस्ता कच्चा आहे, बहुतेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते, हेही वाचून ठेवायचं. टाक्यांची मापं गाडी देणाऱ्याला विचारायची. मग जेवणाच्या टेबलाभोवती सगळ्यांनी बसून कामं वाटून घ्यायची: पाण्यावर लक्ष कुणाचं, औषधं कुणाकडे, चादर कोण झटकणार, नळी कोण धरणार. आजी-आजोबांनाही तिथे बसवायचं आणि त्यांना काय जमेल, काय नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. आणि त्या बैठकीत कुणी ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणालं, तर डंप स्टेशनाचं काम त्याच्या नावापुढे लिहायचं.